आश्रुबांची गूळतुला आणि चिंगी

पाटोद्याच्या बाजारपेठेत आश्रुबांचं दुकान आहे. दावी, कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, बैलांच्या गळ्यातल्या पितळी घंटा असा सगळा माल. दुकानाची मांडणी अशी, की मालकाला कधी उठावंच लागू नये. मधोमध घडी घातलेली घोंगडी, घोंगडीवर आश्रुबा, आणि त्यांच्या हातात आकडा बसवलेली वेळूची काठी. गिऱ्हाइकानं माळ मागितली की काठी वर जाते, आकडा माळ उचलतो आणि माळ खाली येते. कमरेखालचे आश्रुबा या व्यवहारात कुठंही भाग घेत नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथं पेपर वाचायला बसतो, त्यामुळे हा माणूस मला जवळून बघायला मिळाला. त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नाही. हसू आलं की आधी पोट हलतं, मग आवाज येतो. आणि खोटं बोलायची वेळ आली की ते स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघतात. मधली काही वर्षं अंगठे दिसेनासे झाले होते, तेव्हा ते त्या दिशेला नुसतं बघत.

तरुणपणी ते असे नव्हते. दरवर्षी दसरा झाला की सुभद्राबाईंना घेऊन ऊसतोडीला जायचे. तेव्हाचा त्यांचा एक फोटो दुकानात आहे. त्यात कोयता कुठला आणि आश्रुबा कुठले हे नीट बघून ठरवावं लागतं. अशाच एका हंगामात कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत त्यांना ताप भरला. ताप काही केल्या उतरेना. सुभद्राबाईंनी घाबरून माहेरच्या दिशेला, म्हणजे धर्मापुरीच्या महादेवाकडे तोंड केलं आणि नवस बोलल्या, "माझा माणूस उठून बसू दे. त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन."

माणूस उठून बसला. नवस मात्र राहून गेला. एका वर्षी लेकीचं लग्न आलं, एका वर्षी विहीर, एका वर्षी आणखी काही. सुभद्राबाईंना सर्वांत मोठी अडचण नंतर लक्षात आली. वजन कोणत्या दिवसाचं धरायचं हे नवस बोलताना त्यांनी सांगितलंच नव्हतं. आणि आश्रुबा दरसाल वाढत होते.

त्यांच्या माहेरच्या भावकीत अशा गूळतुलेची रीत मोठी कडक. ज्याची तुला, त्यानं जमिनीवर टेकलेल्या पारड्यात मांडी घालून बसायचं. दुसऱ्या पारड्यात गूळ चढतो. दोन्ही बाजू बरोबर झाल्या की पारडं खाली सोडतात आणि माणसानं आपलं आपण उठून बाहेर यायचं. तो पारड्यात असेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. लावलाच, तर त्या हाताचं वजनही तुलेत आलं असं धरतात, आणि हात लावणाऱ्याचीही तिथंच तुला करावी लागते. म्हणून तुलेच्या वेळी आया पोरांचे हात घट्ट धरून उभ्या असतात.

मागच्या भाऊबिजेला सुंदरराव, सुभद्राबाईंचे धाकटे भाऊ, धर्मापुरीहून आले. स्वतः चांगले भरदार गृहस्थ, पण आपल्या पोटाला ते 'बांधा' म्हणतात. ओवाळून झालं, करंज्या झाल्या आणि सुंदररावांनी विषय काढला.

"आक्के, यंदा चैतात दाजींची तुला उरकून घे. आणखी लांबवलीस तर गावातला तराजू पुरायचा न्हाई."

"कावून पुरायचा न्हाई?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"अगं, दाजींना कारखान्याच्या काट्यावर न्यावं लागंल. उसाच्या ट्रॉलीत बसवायचं, आधी भरल्या ट्रॉलीचं वजन करायचं, मग दाजींना उतरवून रिकामीचं."

आश्रुबांचं पोट हललं. ते स्वतःही हसले.

"आणि वजनाचं सोडा," सुंदरराव पुढं म्हणाले, "उठायचं कसं? दाजी, तुमी एकदा मांडी घालून बसलात की उठताना भिंत, खांब आणि आक्का, तिन्ही लागतात. पारड्यात यातलं एकबी न्हाई. सगळी भावकी बघत आसंल. न्हाई उठता आलं तर तिथंच राहा म्हणावं, पारड्यात. आमी डबा पाठवत जाऊ."

या वेळी आश्रुबांचं पोट हललं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात ते मला म्हणाले, "गुरुजी, वजनाचं कुणी कायबी म्हणू द्या. पण सासरवाडीत पारड्यातून उठता आलं न्हाई, तर मला परत तिकडं तोंड दाखवता यायचं न्हाई."

त्यांना एवढं गंभीर मी फक्त बैलांचा बाजार बंद होता त्या वर्षी पाहिलं होतं.

सोमेश्वर नेमका त्याच आठवड्यात दुकानात आला. हा माझाच विद्यार्थी. सातवीत असताना वर्गातल्या मुलांना तो त्यांचीच हरवलेली खोडरबरं विकायचा. आता टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यानं 'आरोग्य क्लब' काढला होता. भिंतीवर दोन-दोन फोटोंच्या जोड्या, एका फोटोत जाड आणि उदास माणूस, दुसऱ्यात बारीक आणि हसरा.

"काका, सोपं हाय," सोमेश्वर म्हणाला. "सकाळी पावडरीचा एक गिलास, रात्री एक गिलास. जेवणाऐवजी."

"म्हंजे जेवणानंतर?"

"न्हाई काका. जेवणा-ऐवजी."

"मंग जेवण कधी?"

सोमेश्वरनं माझ्याकडं पाहिलं. मी पेपरकडं पाहिलं.

पावडर व्हॅनिलाची होती. आश्रुबांनी पहिला पेला नाक धरून घेतला आणि नंतर मला म्हणाले, "चव वाईट न्हाई, गुरुजी. पण चावायचं काय?" सोमेश्वरनं सांगितलं होतं, काही दिवस निश्चयानं राहा. आश्रुबा निश्चयानं राहिले. त्या दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाला शेळीसाठी बैलाची घंटा विकली. शेळीची मान वर होईना तेव्हा तो माणूस परत आला. कधी कुणाला 'अरे' न म्हणणारे आश्रुबा त्याला म्हणाले, "शेळीच कमजोर हाय बे तुझी!"

भूक माणसाला काय काय सुचवते! एका दुपारी ते दुकान बंद करून टोपी घालून निघाले. कुठं, विचारलं तर म्हणाले, "तेराव्याला जायचंय. ओळखीचं घर हाय," आणि पोटाकडं, म्हणजे अंगठ्यांच्या दिशेला पाहिलं. मी समजलो. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसानं नंतर मला सांगितलं, की आश्रुबांनी वाढप्याला तीनदा थांबवलं, बुंदी संपवली, डोळे पुसले आणि मग हळूच विचारलं, "गेलं कोण म्हणायचं?"

घरी सुभद्राबाईंचा जीव तुटत होता. नवऱ्याचा एक पेला घट्ट व्हावा म्हणून त्यांनी त्यात ज्वारीचं पीठ कालवलं. आश्रुबांनी चमच्यानं खाल्लं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "आज बरी जमली." दुसरा पेला राहिला होता, तो शेजारच्या विमलबाईंच्या शेळीपुढं ठेवला. माझं वाळत घातलेलं उपरणं, सोसायटीचं निवडणुकीचं पोस्टर आणि अर्धी केरसुणी खाल्लेली ही शेळी. तिनं पेल्याचा वास घेतला आणि मान फिरवून निघून गेली.

"जनावराला कळतं," विमलबाई म्हणाल्या.

मग एका सकाळी दुकानात आश्रुबांचे हात थरथरू लागले. कपाळ घामानं भिजलं, काठीचा आकडा माळेला लागेना. मी समोरच्या हॉटेलातून घाईनं गोड चहा आणून पाजला. थोड्या वेळानं माणूस ताळ्यावर आला, तसं त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर योगिताबाई तरुण आहेत, पण रुग्णाशी बोलताना खुर्ची पुढं ओढून बसतात. मला हे आवडतं.

"आजोबा, साखरेची गोळी चालू आहे ना तुमची?"

"हाय की. रोज घेतो."

"आणि जेवण बंद? गोळी घेऊन उपाशी राहायचं, हे कुणी सांगितलं?"

"उपाशी न्हाई, बाई. पावडर हाय. व्हॅनिला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग रक्त तपासलं, गोळीचं प्रमाण पाहिलं आणि म्हणाल्या, "ऊसतोडीला जात होतात तेव्हा काय खायचात?"

"काय खाणार? भाकरी, कोरड्यास, कांदा. कधी मटकी, कधी मेथी."

"मग तेच खा. पावडरीनं वजन थोडं उतरेलही, पण तुम्ही जन्मभर पावडर पिणार आहात का?"

"न्हाई! चैतापर्यंतच."

"मग चैतानंतर ते वजन परत येईल, आणि येताना पाहुणे घेऊन येईल. तेव्हा असं करा. भाकरी खा, पण ऊस तोडणाऱ्या माणसाएवढ्या नको. ऊस आता तुम्ही तोडत नाही. ताटात भाजी, डाळ, उसळ जास्त, भाकरी कमी. काकडी, मुळा काही तरी कच्चं. एकही जेवण बुडवायचं नाही. आणि रोज चालायचं."

"चालायचं म्हंजे कुठं?"

"कुठंही."

ही अडचण शहरातून आलेल्या डॉक्टरांच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. आमच्याकडं माणूस 'कुठंही' चालत नाही. तो शेताकडं चालतो, बाजाराकडं चालतो, नाहीतर स्मशानाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा टोपी घालून, हात हलवत, मोकळेच रस्त्यानं निघाले. पहिल्या वळणावर एकानं विचारलं, "कावून निघालात, आश्रुबा?" ते म्हणाले, "असंच." दुसऱ्या वळणावर पुन्हा "असंच". दुकानातून न उठणारा माणूस सकाळी सकाळी चालतोय आणि कारण सांगत नाही, म्हणजे काहीतरी झालं असणार. ते घाम पुसत घरी परतले तेव्हा अंगणात गल्ली जमली होती. दोन बायका सुभद्राबाईंना धरून बसल्या होत्या आणि सुभद्राबाई, काय झालं हे माहीत नसताना, आधीच रडत होत्या.

"अहो, कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"मी गेलतो," आश्रुबा म्हणाले. "फिरायला."

यावर तोडगा विमलबाईंनी काढला. "भावजी, आमची चिंगी घिऊन जात जा. हातात शेळी आसली की कुणी इचारत न्हाई."

हे अगदी खरं निघालं. शेळीबरोबर चालणारा माणूस सगळ्यांना समजतो. फक्त चिंगीला समजत नव्हतं, की आपण दुसऱ्याच्या तब्येतीसाठी निघालो आहोत. बाभळ दिसली की ती पळायची. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आश्रुबाही पळायचे. कुणाच्या मेथीकडं ती वळली की तिला ओढून धरावं लागे, म्हणजे हातांचाही व्यायाम झाला. काही आठवड्यांनी मी पाहिलं, तर दोघं सारख्या चालीनं चालत होती. आश्रुबा तिला आदल्या दिवसाचं सगळं सांगत होते आणि ती रवंथ करत ऐकत होती.

चहाचं प्रकरण अवघड होतं. आमच्या बाजारात दाव्याचा सौदा ठरला तरी चहा होतो, आणि गिऱ्हाइकाबरोबर मालकानं चहा घेतला नाही तर सौदा मनापासून नव्हता असं समजतात. साखरेचा चहा, त्याच्याबरोबर भजी, खारी. आश्रुबांचं निम्मं वजन हे सौद्यांचं होतं. सुभद्राबाईंनी मग मडकंभर ताक दुकानात पाठवायला सुरुवात केली. जिरं, मीठ, कोथिंबीर. पहिल्या गिऱ्हाइकानं पेल्यात डोकावून विचारलं, "सौदा मोडला का काय?" उन्हं तापायला लागली तशी माणसं दावं घ्यायच्या आधीच ताक मागू लागली. सोमेश्वरही रोज यायला लागला. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. उलट त्याच्या क्लबातला वजनकाटा चांगला होता, म्हणून आश्रुबा अधूनमधून तिथं वजन करून येत. तो काटा हळूहळू उतरत होता, आणि बाईंचं म्हणणं होतं की हळूच उतरू दे.

राहिला प्रश्न उठण्याचा. योगिताबाईंनी सांगितलं होतं, आधी खुर्चीवरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून, रोज थोडं थोडं. आश्रुबा दुकानातच सराव करू लागले. घोंगडीवर बसायचं, हात छातीशी धरायचे, पुढं झुकायचं, उठायचं. आता बाजारपेठेत तुम्ही असे उठलात, की समोरून जाणाऱ्याला वाटतं आपल्यालाच मान दिला.

"बसा, बसा, आश्रुबा! कावून उठता माझ्यासाठी?"

बहुतेक माणसं एकदा म्हणून पुढं जायची. पण एक माजी उपसरपंच होते. पद गेल्यापासून त्यांच्यासाठी कुणी उठलं नव्हतं. ते दिवसाआड त्या रस्त्यानं जाऊ लागले, मग रोज, मग येताना आणि जाताना. "बसा बसा" म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा, की आश्रुबा त्यांना खरं सांगू शकले नाहीत. ते दिसले की गुडघे दुखत असले तरी उठायचे. माझ्या मते आश्रुबांच्या मांड्यांत जोर आला तो निम्मा या उपसरपंचांमुळे.

या सगळ्यात सुभद्राबाई मात्र कासावीस होत चालल्या होत्या. नवरा हलका होतोय याचा आनंद त्यांना होता. पण देवाचा गूळ कमी होतोय याचं दुःखही होतं. एक दिवस आश्रुबा जेवताना थांबले.

"मेथीत तूप कुठून आलं?"

"पडलं आसंल."

"आणि भाकरीच्या पोटात?"

सुभद्राबाईंनी पदर सावरला. "देवाला काय वाटंल, अहो? नवस फेडायचा म्हनून माणूस झिजवून आनला! आपन काय मापात मारायला दुकान घातलंय का?"

"अगं, नवस बोललीस तेव्हा मी काडी हुतो काडी. त्या हिशोबानं अजूनबी देवाला जास्तीच चाललंय."

हे सुभद्राबाईंना पटलं नाही, पण तूप थांबलं. त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की काहीतरी ठरलेलं असतं, हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत आहे.

चैत्रात ऊसतोडीची माणसं गावोगाव परतली, तशी तुलेची तारीख निघाली. मीही त्यांच्याबरोबर धर्मापुरीला गेलो. देवळाबाहेर लिंबाच्या झाडाला मोठा तराजू टांगला होता. एका बाजूला गुळाच्या ढेपा रचलेल्या. सगळी भावकी आलेली. सुंदरराव नवं धोतर नेसून सर्वांच्या पुढं.

आश्रुबा पारड्याकडं निघाले आणि सुभद्राबाईंनी पिशवी उघडली. आतून घुंगरमाळ निघाली. मग दुसरी. मग पितळी घंटा, एक, दोन, आणखी. सगळा दुकानातला माल.

"हे काय?"

"कमी झालेलं भरून काढतीया," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवाचं राहायला नको."

"अगं, मला उठायचं हाय त्यातून!"

"नवस मी बोलले. तुमी नुस्तं बसायचं."

भावकीसमोर वाद कोण घालणार? आश्रुबांनी मान पुढं केली. माळा घालून, घंटा बांधून ते पारड्यात बसले तेव्हा पोळ्याच्या पहिल्या मानाच्या बैलासारखे दिसत होते. लहान पोरं हसू लागली, आयांनी त्यांचे हात आवळले. ढेप चढली, दुसरी चढली. पारडं वर गेलं, डुललं, स्थिर झालं. सुभद्राबाईंनी हात जोडले. भावकीतल्या माणसांनी पारडं सावकाश जमिनीवर सोडलं.

आश्रुबांनी हात छातीशी धरले. सुंदरराव म्हणाले, "दाजी, डबा कोणच्या येळेला पाठवू?"

आश्रुबा पुढं झुकले. घंटा वाजल्या. थोडे वर आले, सगळ्या माळा एकदम वाजल्या, आणि ते परत खाली बसले. माझ्या शेजारच्या म्हातारीनं तोंडावर पदर धरला. सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. घंटांकडं बघत त्या पुटपुटल्या, "लई झाल्या का हो?"

त्या वेळी मला काय सुचलं कुणास ठाऊक. वर्गात हजेरी घेताना वापरायचो त्या आवाजात मी म्हणालो, "आश्रुबा, उपसरपंच आले!"

आश्रुबा उठले. विचार न करता, भिंत नाही, खांब नाही, आक्का नाही. खणखणाट करत सरळ उभे राहिले आणि रस्त्याकडं बघू लागले. रस्ता रिकामा होता. मग त्यांनी खाली पाहिलं. पारड्याच्या फळीवर त्यांचे दोन्ही अंगठे स्पष्ट दिसत होते.

"शाब्बास, दाजी!" सुंदरराव ओरडले. माणूस चेष्टेखोर असला तरी मनानं चांगला. आनंदाच्या भरात पुढं धावले आणि त्यांनी आश्रुबांच्या पाठीवर जोराची थाप मारली.

आश्रुबा अजून पारड्यातच होते.

"हात लागला!" म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या.

सुंदररावांचा हात तिथंच राहिला. "अहो, पण ते उठले हुते!"

"पारड्यात हुते. रीत म्हंजे रीत."

भावकीनं मान हलवली. एक जण गुळाच्या आणखी ढेपा आणायला निघालासुद्धा. धोतर सावरत सुंदरराव पारड्यात बसले. त्यांच्यासाठी ढेपा चढत गेल्या, आश्रुबांच्या पुढं गेल्या, तरी चढत राहिल्या. शेवटी पारडं खाली सोडलं आणि सुंदररावांनी उठायला सुरुवात केली. सुरुवातच चालू राहिली. एका अंगावर कलले, दुसऱ्या अंगावर कलले, मग हात वर करून म्हणाले, "दाजी, जरा हात द्या."

"देऊ नगा!" सुभद्राबाई किंचाळल्या. "तुमची परत करावी लागंल!"

आश्रुबांनी हात मागं घेतला आणि माळा सावरत पारड्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. सुभद्राबाईंनी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. आश्रुबांनी त्यातला तांदळाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला त्यांनाच परत दिला.

"घाई न्हाई, सुंदरराव," ते म्हणाले. "हात छातीशी धरा. आता पुढं झुका. जमंल. मला सांगा, तुमच्या गल्लीत कुणाकडं शेळी हाय का?"